भाड्याचे घर घेण्याआधी

शेतकऱ्याच्या हातात एकरकमी पैसा क्वचित येतो. जमीन रस्त्यात जाते, तिचा मोबदला येतो. वडील नोकरीतून मोकळे होतात, फंडाची रक्कम येते. असा पैसा आला की घरात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतो ट्रॅक्टर घ्या. कोणी म्हणतो पोरीचे लग्न उरकून घ्या. अलीकडे पुष्कळ जण म्हणतात, "तालुक्याला एक घर घेऊन टाका. भाडं येईल, बसून खा."

बसून खाता येते का, ते आपण पाहू.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. २०२२ साली माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याची दीड एकर जमीन रस्त्यात गेली होती. त्याचे आठ लाख रुपये बँकेत जमा झाले होते. बरोबर त्याची बायको होती.

"गुरुजी, तालुक्याला घर बघितलंय. चार खोल्या हायत. दर खोलीला दोन हजार भाडं येतं. म्हंजे महिन्याला आठ हजार! शेतात राबून एवढं सुटत नाही."

"किंमत काय सांगतो मालक?"

"साडेदहा लाख."

"तुझ्याकडे तर आठ आहेत."

"बाकीचे उचलायचे. आमचा एक ओळखीचा माणूस देतो. शेकडा दोन रुपये महिना."

मी पाटी-पेन्सिल काढली नाही, पण कागद काढला. त्याला म्हटले, तूच लिही. साडेदहा लाख घराचे. खरेदीखताचा मुद्रांक, नोंदणी शुल्क, वकील मिळून पाऊण लाख. डागडुजीला आणखी पाऊण लाख. एकूण झाले बारा लाख. त्यातून आठ वजा केले. राहिले चार लाख, ते कर्जाचे. चार लाखांवर शेकडा दोन रुपये महिना म्हणजे किती?

त्याने आकडा मांडला आणि तो गप्प बसला. व्याज आले महिन्याला आठ हजार. भाडेही आठ हजारच. म्हणजे चारही खोल्या भरल्या, चारही भाडेकरूंनी वेळेवर पैसे दिले, तरी सगळे भाडे सावकाराकडे जाणार. मुद्दल तसेच उभे राहणार. एक खोली रिकामी पडली की शेतातून भर घालावी लागणार.

"मग बँकेचं कर्ज काढू का?"

बँकेचे व्याज कमी असते, हे खरे. पण बँक आधी कागद पाहते. जुन्या घराला बँक कर्ज देत नसेल, तर का देत नाही ते साहेबाला नीट विचारावे. नकार ऐकून रागावू नये. बँकेला जे खटकले, ते आपल्यालाही खटकायला हवे. तिचा वकील फुकटात आपले काम करून गेला, असे समजावे.

तरी घर पाहायला काय हरकत, म्हणून आम्ही तिघे गेलो. मालक बोलायला गोड होता. त्याने घरपट्टीच्या पावत्यांची पिशवीच पुढे टाकली. "बघा, वीस वर्षांच्या पावत्या. घर माझंच."

इथे पुष्कळ लोक फसतात. घरपट्टीची पावती कर भरल्याची असते. तिने मालकी ठरत नाही. लाइटचे बिलही तसेच. ज्या गावात सिटी सर्व्हे झाला आहे, तिथे मिळकत पत्रिका पाहावी. तिलाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. जिथे तो झाला नाही, तिथे जागेचा सातबारा पाहावा. खेड्यातल्या गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण तोही कराचाच कागद आहे. २०२० सालापासून सरकारने स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू केली आहे. जिथे ती पुरी झाली, तिथे गावठाणातल्या घरांनाही मिळकत पत्रिका मिळते.

मिळकत पत्रिकेवर नाव होते मालकाच्या वडिलांचे. वडील तर वारले होते.

"मी एकटाच मुलगा," मालक म्हणाला.

तेव्हा आमच्या सूनबाईने तोंड उघडले. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. "दादा, तुम्हाला बहिणी हायत का?"

"दोन आहेत. पण लग्नं होऊन गेल्या. त्यांचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? माझ्या भावानं माझी सही घेतल्याशिवाय माहेरचं घर इकलं नाही."

तिचे म्हणणे सोळा आणे खरे होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून, बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतः मिळवलेल्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तो महाराष्ट्राने १९९४ साली दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने साऱ्या देशात मिळाला. लग्न झाले म्हणून हक्क जात नाही. बहिणींना वाटा नको असेल तर त्यांनी हक्कसोडपत्र करून ते नोंदवून द्यावे, नाहीतर खरेदीखतावर स्वतः सही करावी. तोंडाने "आम्हाला काही नको" म्हटलेले चालत नाही. उद्या त्या किंवा त्यांची मुले कोर्टात गेली, तर घर घेणाऱ्याची झोप उडते. मालकाने बहिणींच्या सह्या आणायचे कबूल केले नाही. आम्ही चहा घेतला आणि उठलो.

कागदांविषयी आणखी थोडे सांगतो. वाचायला कंटाळवाणे आहे, पण पैसा बुडतो तो इथेच.

साठेखत म्हणजे विकण्याचा करार. त्याने घर आपले होत नाही. मुखत्यारपत्रावर घेतलेले घरही आपले होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट सांगितले आहे. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घेतलेल्या घरांची भांडणे मी गावोगाव पाहिली आहेत. खरेदीखत झाले पाहिजे आणि ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले गेले पाहिजे. त्याआधी वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यावा. घर गहाण आहे का, कोणाचा बोजा आहे का, आधी कोणाला विकले आहे का, हे त्यात कळते. वकील आपला असावा. विकणाऱ्याने आणलेला वकील विकणाऱ्याचाच.

शेतजमिनीचे तुकडे पाडून त्यावर बांधलेली घरे स्वस्त मिळतात. ती स्वस्त का, ते विचारावे. जमीन बिगरशेती झाली आहे का, बांधकामाला परवानगी होती का, हे कागद दाखव म्हणावे. सातबाऱ्यावर दहा-वीस नावे एकत्र असतील, तर आपला तुकडा कोणता हे कागद सांगत नाही.

आणि रोखीचा मोह टाळावा. "अर्धे कागदावर दाखवू, अर्धे हातात द्या," असे विकणारा म्हणतो. मुद्रांक वाचेल असे आपल्याला वाटते. पण हातात दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. शिवाय घर-जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे २०१५ सालापासून कायद्याने बंद आहे. सगळा पैसा बँकेतून द्यावा. राहते घर बाईच्या नावाने घेतले तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात शेकडा एक रुपयाची सूट आहे. ही सूट पुष्कळांना ठाऊकच नसते.

घर कसे पाहावे

दुसरे घर सूनबाईच्या मामांनी सुचवले. ते लहान होते. दोन सुट्या खोल्या, प्रत्येकीला मोरी, मागे एक संडास. विटांच्या भिंती, वर पत्रा. मिळकत पत्रिकेवर विकणाऱ्याचेच नाव. त्याने मागितले सात लाख.

मी म्हटले, घाई करू नका. पाऊस पडून गेला की परत पाहू.

घर उन्हाळ्यात पाहिले तर सगळे चांगले दिसते. पावसात ते खरे बोलते. दोन दिवस झड लागल्यावर आम्ही गेलो. एका खोलीच्या कोपऱ्यात पत्रा गळत होता. मागच्या भिंतीला खालून हातभर उंच ओल चढली होती आणि तिच्यावर मिठासारखा पांढरा खार आला होता. विकणाऱ्याने ती नुकतीच रंगवली होती. नवा रंग एकाच भिंतीला दिसला, की त्या भिंतीकडे आधी जावे.

चौकटींवर किल्लीने ठोकले. एका चौकटीचा आवाज पोकळ आला. आत वाळवी होती. नळाला पाणी दिवसाआड, तेही पाऊण तास, असे शेजारच्या आजींनी सांगितले. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते. शेजाऱ्याशी दहा मिनिटे बोलावे. मोरीत दोन बादल्या पाणी ओतून पाहावे, ते तुंबते का. लाइटचा मीटर कोणाच्या नावाचा, थकबाकी किती, हेही पाहावे.

आपल्याकडे जुनी माळवदाची घरे स्वस्त विकायला निघतात. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार असते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशाच भिंती आणि अशीच जड छपरे झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो माणसे गेली. ज्या घराची भिंत फुगली आहे, कोपरा उकलला आहे, असे घर भाड्याने देण्यासाठी घेऊ नये. भाडे आपण घेणार आणि त्या भिंतीखाली झोपणार दुसऱ्याची पोरे. स्लॅबचे घर असले तरी वर पाहावे. गिलावा पडून आतली सळई गंजलेली दिसली, तर तो खर्च मोठा आहे.

हे सगळे दोष आम्ही विकणाऱ्याला एकेक करून दाखवले. भांडलो नाही. भाव सहा लाखांवर आला.

मग पुन्हा कागद काढला. घर सहा लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील पंचेचाळीस हजार. डागडुजी ऐंशी हजार. एकूण सव्वासात लाख. पाऊण लाख बँकेत उरतात. कर्ज नाही.

उत्पन्न काय? त्या आळीत अशा खोलीला बावीसशे भाडे चालू होते. दोन खोल्यांचे महिन्याला चव्वेचाळीसशे. वर्षाचे बावन्न हजार आठशे. पण बारा महिने खोली भरलेली राहत नाही. एक भाडेकरू जातो, दुसरा यायला वेळ लागतो. म्हणून दर खोलीचा एक महिना रिकामा धरला. राहिले अठ्ठेचाळीस हजार चारशे. घरपट्टी, पाणीपट्टी चोवीसशे. दरसालची दुरुस्ती सहा हजार. बाहेरचा दिवा बाराशे. भाडेकरारांचा खर्च दोन हजार. हाती उरले छत्तीस हजार आठशे. सव्वासात लाखांवर हे शेकडा पाच रुपयांच्या थोडे वर पडते.

"गुरुजी, एवढंच? बँकेत ठेवलं तर याच्याहून जास्त येईल!"

त्या दिवशी बँकेच्या फळ्यावर मुदत ठेवीचा दर जास्तच होता. मी त्याला "घे" म्हणालो नाही आणि "नको"ही म्हणालो नाही. ठेवीला पत्रा लागत नाही आणि भाडेकरूही लागत नाही. पण ठेवीचे व्याज महागाईबरोबर वाढत नाही, भाडे थोडेथोडे वाढते. खालची जागा आपली राहते. मात्र जागेचा भाव वाढेलच, अशी हमी कोणी देत असेल तर ती मानू नये. ज्या गावात कारखाना बंद पडला, तिथल्या रिकाम्या खोल्या मी पाहिल्या आहेत.

निर्णय सूनबाईने घेतला. "दोन वर्सांनी पोरगी तालुक्याला कॉलेजात जाईल. तवा एक खोली तिला व्हईल. तवर भाडं घेऊ." हा हिशोब माझ्या कागदावर नव्हता. घर तिच्या नावाने घेतले. नोंदणी झाल्यावर मिळकत पत्रिकेवर, घरपट्टीवर आणि लाइटच्या मीटरवर नाव लावून घेतले. पुष्कळ लोक खरेदीखत पेटीत ठेवतात आणि नाव लावायचे विसरतात.

डागडुजी

दुरुस्ती वरून खाली करत यावी. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंत, मग फरशी. रंग सगळ्यांत शेवटी. आधी रंग दिला तर तो पहिल्याच पावसात वाया जातो.

पत्र्याचे गंजलेले हूक आणि फाटलेले वॉशर बदलले. दोन पत्रे नवे घातले. पत्र्याला वरून पांढरा लेप दिला, त्याने वैशाखात खोली कमी तापते. मागच्या भिंतीची ओल कुठून येते ते शोधले. शेजारच्या गटाराचे पाणी पायाशी साचत होते. उतार काढून पाणी दूर नेले. सगळा खर्च नऊ हजार. गवंडी आधी म्हणाला होता, सिमेंटचा जाड गिलावा मारू. तो मारला असता तर ओल आतच कोंडली असती आणि गिलावा फुगून पडला असता. आधी पाणी तोडायचे, भिंत सुकू द्यायची, मग गिलावा. मातीत बांधलेल्या भिंतीला तर सिमेंटचा गिलावा करूच नये.

लाइटची जुनी तार सगळी काढली, अर्थिंग केले. यात पैसे वाचवू नयेत. दर खोलीला वेगळा सबमीटर बसवला, म्हणजे बिलावरून भांडण नको. गवंड्याला काम होईल तसे पैसे दिले. सिमेंटची पोती लागतील तशीच आणली, कारण तीन महिने पडलेल्या पोत्याचा जोर कमी होतो. गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचे काम तिने स्वतः केले, गवंड्यावर सोडले नाही.

हे सगळे मृगाच्या आधी उरकावे.

भाडेकरू

माझीच चूक सांगतो. १९९६ साली मी माझी एक खोली ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर दिली. ओळखीचा म्हणून कागद केला नाही, पावत्या दिल्या नाहीत. चौदा महिने भाडे आले नाही. किती भाडे ठरले होते, हेच मला सिद्ध करता येईना. शेवटी त्यालाच थोडे पैसे देऊन बाहेर काढले.

आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तो २००० सालापासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही," असे बाजारात सर्रास सांगतात. ते चूक आहे. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. हल्ली हे काम संगणकावर, अंगठा देऊन, कचेरीत न जाताही होते. लोक याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. करारात भाडे, अनामत, मुदत, भाडे देण्याची तारीख, सबमीटरचा आकडा, सगळे लिहावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यावी.

भाडे मिळाले की पावती द्यावी. ती कायद्याने द्यावीच लागते, आणि त्यात आपलेही भले आहे. भाडे थकले म्हणून नळ तोडू नये, लाइट तोडू नये, सामान बाहेर टाकू नये. रागाने तसे केले तर खरा हक्क असूनही आपणच गुन्हेगार ठरतो.

भाडेकरू पाहताना काय विचारावे? काम कुठे करता, आधी कुठे राहत होता, का सोडले, हे विचारावे. आधीच्या मालकाला जाऊन भेटावे. काही मालक जात विचारतात. खोली रिकामी ठेवतील, पण देणार नाहीत. हे वाईट आहेच, आणि शिवाय तोट्याचे आहे. आमच्या सूनबाईकडेही शेजारच्या एकाने कुजबुज केली. ती म्हणाली, "पाच तारखेला भाडं येतंय ना? मग झालं."

आणखी एक. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून भाड्यावरही नाही, असे समजू नये. भाडे हे वेगळे उत्पन्न आहे. भरलेली घरपट्टी वजा करून जे उरते, त्यातून शेकडा तीस रुपये दुरुस्तीबद्दल सोडून बाकीचे उत्पन्न धरतात. एवढ्या लहान भाड्यावर बहुधा कर बसत नाही, पण हिशोब ठेवावा.

२०२३ च्या मेमध्ये दोन्ही खोल्या लागल्या. एकीत सरकारी दवाखान्यातली परिचारिका आणि तिची आई, दुसरीत कापडाच्या दुकानातला कामगार, त्याची बायको आणि लहान मूल. मृगाचा दुसरा पाऊस झाला आणि त्याच रात्री परिचारिकेचा फोन आला. कोपरा पुन्हा गळत होता. सकाळच्या एस.टी.ने दोघे तालुक्याला गेली. एक हूक सैल राहिला होता. मजुरी आणि वॉशर मिळून अडीचशे रुपये लागले. सूनबाईने ते तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहिले, दुरुस्तीच्या पानावर, तारीख घालून.